रिपोर्टात सात ओळी, शंका आठवीची

एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते.

घर शेताच्या कडेला. अंगणात जुनी विहीर, प्यायला पाणी तिचंच. पन्नास-साठ पावलांवर चुलत दिरांची बाग आहे आणि तिथं वर्षभर कसली ना कसली फवारणी चालू असते. दीर फवारा पंपही याच विहिरीवर भरतात; ‘नाही म्हणता येत नाही’, असं ताई लिहितात. गेल्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी पाणी गढूळ झालं, त्याला औषधासारखा उग्र वास आला. दोन दिवसांनी वास गेला, मनातली शंका मात्र गेली नाही. टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार सांगणाऱ्या, पेनवर आकडा येतो ३१०. पाणी तपासूनही आणलं. रिपोर्टात पीएच, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, लोह, फ्लोराईड आणि टीडीएस, सातही मर्यादेत, खाली शिक्का ‘पिण्यास योग्य’. यजमान म्हणतात, ‘आजोबांपासून हेच पाणी पितोय, काय झालं कुणाला?’ मुलगा म्हणतो, ‘सगळ्या कीटकनाशकांची तपासणी करा, नाहीतर सरळ मोठं फिल्टर बसवा.’ घरात पाच महिन्यांचा नातू आहे. त्याला वरचं दूध असतं, त्याची पावडर याच पाण्यात, ‘पण नीट उकळून’, कालवतात. ताईंचे प्रश्न दोन. तपासणी की फिल्टर? आणि नातं न बिघडवता दिरांशी कसं बोलायचं?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कीटकनाशकांसाठी, दुसऱ्यांदा नातवाच्या दुधाच्या त्या वाक्यासाठी, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सुरुवात तिथूनच करू. बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे नाही.

रिपोर्टातल्या सात ओळी उतरवून पाठवल्यात, फार बरं केलंत. त्यात नायट्रेट नाही. युरिया, शेणखत, सेप्टिक टाकीचा पाझर, या सगळ्यांतलं नत्र शेवटी नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं, कारण माती त्याला धरून ठेवत नाही. मोठी माणसं ते बहुधा पचवून टाकतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राईट होतं आणि मग रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळसर पडायला लागतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ साली अशा बाळांबद्दल लिहिलं आणि कारण सापडलं ते शेतावरच्या विहिरींच्या पाण्यात. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. सूनबाई काळजीपोटीच पाणी जास्त वेळ उकळत असतील, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

तेव्हा नायट्रेटचा आकडा हाती येईपर्यंत बाळाचं दूध दुसऱ्या, तपासलेल्या पाण्यात कालवा. ही तपासणी साधी आहे, कुठलीही पाण्याची प्रयोगशाळा करते. रिपोर्ट आला की एक चकवा सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, भारतीय मानकात ४५. पण काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून देतात, म्हणजे नुसत्या नत्राचा. तसा असेल तर त्याला ४.४३ नं गुणायचं. कागदावर १२ दिसलं आणि आपण निर्धास्त झालो, पण तो १२ नत्राचा असेल तर नायट्रेट ५३ भरलं. आणि बाळ कधी निळसर दिसलं किंवा धापायला लागलं तर रिपोर्टाची वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या आणि विहिरीच्या पाण्याचं त्यांना आपणहून सांगा.

आता मूळ गोष्ट.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. खिडकीशी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘पाणी चांगलं आहे ना?’ या प्रश्नाला प्रयोगशाळेकडे उत्तरच नसतं. तिला विचारायचं असतं, पाण्यात अमुक आहे का आणि किती. तुमच्या रिपोर्टानं सात गोष्टींची उत्तरं दिली, तीही बहुधा खरी. आठवी कुणी विचारलीच नव्हती. खालचा शिक्का त्या सातांपुरताच आहे, पण तसं तो सांगत नाही. ही शिक्क्याची लबाडी मला नोकरीत असतानाही आवडायची नाही.

टीडीएसचा पेन तर याहून भोळा. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून तो क्षारांचा अंदाज सांगतो. तुमच्या पाण्यात लिटरला ३१० मिलिग्रॅम क्षार आहेत. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा आहे लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). भाग देऊन बघा, एकास एकतीस लाख. पोती तोलायच्या काट्यावर मोहरीचा दाणा टाकून काटा हलतो का ते बघण्यातला प्रकार. शिवाय बरीचशी कीटकनाशकं पाण्यात विरघळली तरी वीज वाहून नेत नाहीत. पेन खारेपणासाठी ठेवा, या कामासाठी विसरा.

मग वासाचं काय? पाण्याला औषधासारखा वास आला म्हणजे औषध होतं, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही. पण फवारणीच्या औषधाचा जो उग्र वास आपण ओळखतो तो बऱ्याचदा त्यातल्या द्रावकाचा असतो, आणि काळजी करण्याइतकं कीटकनाशक पाण्यात असतानाही नाकाला काहीच कळत नाही, असं सर्रास होतं. म्हणून वास आला याचा पुरावा होत नाही आणि गेला याचा दिलासाही होत नाही. तुमच्या पत्रातली खरी खूण वेगळीच आहे: पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी पाणी गढूळ झालं.

मातीतून झिरपत खाली येणारं पाणी संथ असतं, त्याला महिने लागतात, कुठं कुठं वर्षं. ते एका दिवसात येत नाही आणि गढूळ तर नाहीच येत. एका रात्रीत गढूळ होणाऱ्या विहिरीत वरचं पाणी कुठल्यातरी आडवाटेनं थेट उतरतंय. कठड्याच्या बुडाशी भेग असेल, वरच्या थरातलं बांधकाम निसटलं असेल, ओट्याचा उतार विहिरीकडेच असेल. आणि या वाटेनं औषध येवो न येवो, शेणामुतातले जंतू नक्की येतात.

कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये हेच झालं. जोराचा पाऊस पडला, शेजारच्या शेतात घातलेल्या शेणखतातले ई. कोलाय नावाचे जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले, पाण्यात पुरेसं क्लोरीन नव्हतं. सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. पुढं चौकशी झाली तेव्हा त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही, त्यानं खत रीतसरच घातलं होतं. हे वाक्य दिरांच्या विषयाशी येऊ तेव्हा लागेल.

म्हणजे यादीत कीटकनाशकांच्या वर दोन नावं आली, नायट्रेट आणि ई. कोलाय. दुसऱ्याची मर्यादा सोपी आहे: १०० मिलिलिटरमध्ये शून्य. ज्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवलं की दूषित असल्यास एक-दोन दिवसांत काळं पडतं, ती घरगुती पहिली चाचणी म्हणून चालते. पण काळं पडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. जंतूंचा निकाल येईपर्यंत मोठ्यांनी पाणी उकळून प्यायचं, तिथं उकळणं अगदी कामाचं.

आता तुमच्या मुलाची ‘सगळ्या कीटकनाशकांची तपासणी’. अशी तपासणी नसते, त्याला सांगा. यंत्र कितीही भारी असो, ते ठरलेल्या यादीतली नावं शोधतं. यादी पन्नासची असेल, दोनशेची असेल, आणि तुमच्या दिरांनी मारलेलं नेमकं तेवढंच तिच्यात नसेल. ग्लायफोसेट हे तणनाशक इतकं वापरलं जातं, तरी नेहमीच्या मोठ्या यादीत ते बहुतेक वेळा नसतंच. त्याची पद्धत वेगळी, ते वेगळं मागावं लागतं. यादी शेतावरून प्रयोगशाळेकडे जायला हवी, तिकडून आपल्याकडे नव्हे.

शेतावर वापरलेली सगळीच औषधं पाण्यापर्यंत पोचत नाहीत. दोन गोष्टींवर ते ठरतं: औषध मातीत किती दिवस टिकतं आणि मातीला किती घट्ट चिकटतं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं मातीला इतकी चिकटतात की झिरपून खाली जाणं त्यांना जवळजवळ जमत नाही. क्लोरपायरिफॉसही बरंचसं वरच राहतं. उलट अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, इमिडाक्लोप्रिड, मेटालॅक्झिल ही पाण्याबरोबर चालणारी मंडळी. गणिताची आवड असेल (तुमच्या मुलाला दिसते) तर १९८९ साली मांडलेला जीयूएस नावाचा निर्देशांक आहे. औषध मातीत निम्मं व्हायला लागणाऱ्या दिवसांचा लॉग (दहाच्या पायाचा) घ्यायचा आणि त्याला ‘४ वजा चिकटण्याच्या अंकाचा (इंग्रजीत Koc) लॉग’ यानं गुणायचं. उत्तर २.८ च्या वर आलं तर औषध खाली उतरणारं, १.८ च्या खाली आलं तर बहुधा नाही. अ‍ॅट्राझिनसाठी साधारण ६० दिवस आणि चिकटण्याचा अंक १०० धरला की उत्तर ३.६ च्या आसपास येतं. हे दोन्ही अंक इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या कीटकनाशक माहितीकोशात मिळतात.

पण हा निर्देशांक मातीतून झिरपणाऱ्या औषधापुरताच आहे. भेगेतून ओघळलेल्या पाण्याला तो लागू नाही, आणि मातीही काही वेळा अंदाज चुकवते. अमेरिकेत लाँग आयलंडवर बटाट्याला अल्डिकार्ब घालायचे. ते मातीतच विरून जाईल अशी सगळ्यांची समजूत होती. १९७९ मध्ये ते विहिरींत सापडलं. तिथली जमीन रेताड आणि खालचं पाणी थंड, आम्लधर्मी होतं. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी विहिरींमध्ये डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक सापडलं. त्याचा वापर तिथं दोन वर्षं आधीच, १९७७ मध्ये, थांबला होता, तरी पुढं कित्येक दशकं ते तिथल्या पाण्यात मिळत राहिलं. म्हणून दिरांना यंदाचंच विचारू नका, दहा-पंधरा वर्षांपूर्वी बागेत काय असायचं तेही विचारा.

या निमित्तानं यजमानांच्या मुद्द्याचं बघू. आजोबा ज्या विहिरीचं पाणी प्यायले तीच विहीर आहे, पाणी तेच नाही. तेव्हा शेतात काय पडत होतं आणि आता काय पडतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना खोडून काढू नका, त्यांच्याकडूनच यादी लिहून घ्या. ‘तुम्हाला आठवतं का, आधी कोणतं तणनाशक मारायचे?’ असं विचारलं की माणूस वाद सोडून आठवायला लागतो.

आता मला सगळ्यात खटकलेलं. दिरांचा पंप तुमच्या विहिरीवर भरला जातो. तुम्हाला भीती वाटते ती साठ पावलांवरून उडून येणाऱ्या फवाऱ्याची. तो येतो, पण थोडा. विहिरीच्या काठावर काय सांडतं ते बघा. समजा औषधाच्या लिटरमध्ये २०० ग्रॅम मूळ घटक आहे आणि ओतताना दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, ओट्यावर सांडून आत ओघळलं. दोन ग्रॅम झाले. विहिरीत चाळीस हजार लिटर पाणी असेल तर लिटरला ५० मायक्रोग्रॅम. युरोपच्या मर्यादेच्या पाचशेपट, दोन चमच्यांत! त्याहून वाईट म्हणजे नळी औषधाच्या टाकीत बुडवून मोटर चालू करणं. मध्येच वीज गेली की टाकीतलं औषध उलट ओढलं जाऊन विहिरीत येतं. रिकाम्या बाटल्या तिथंच खळबळून पाणी ओट्यावर फेकणं, हेही त्यातलंच.

म्हणून तपासणीच्या आधी काठावर जाऊन उभ्या राहा. पंप कुठं भरतात, कुठं धुतात, पाणी कुठं जातं. पाऊस पडत असताना छत्री घेऊन पुन्हा बघा. एवढ्या पाहणीनं जे कळतं ते कधी कधी यंत्रानंही कळत नाही.

मग नमुना. लोक प्रयोगशाळेत काय काय घेऊन येतात! सरबताच्या बाटल्या, तेलाचे डबे, आणि एकदा तर चक्क औषधाचीच बाटली, ‘स्वच्छ धुतलीय हो’ म्हणून. कीटकनाशकासाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या: तपकिरी काचेची. काही औषधं प्लास्टिकला चिकटतात, काही उजेडानं मोडतात. आत आधीच काही घालून दिलं असेल तर बाटली विसळू नका. पाणी टाकीतलं नको, फिल्टरनंतरचंही नको. मोटरच्या सगळ्यात जवळच्या नळाचं, दहा मिनिटं वाहू दिल्यावरचं. त्या दिवशी ज्यानं फवारणी केली असेल त्याला बाटलीला हात लावू देऊ नका, नाहीतर त्याच्या बोटावरचंच रिपोर्टात येईल. बाटली लगेच बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. जंतूंची बाटली वेगळी, निर्जंतुक, आणि ती चोवीस तासांच्या आत पोचलीच पाहिजे.

कधी घ्यायचा? एकच परवडत असेल तर फवारणीच्या हंगामातल्या मोठ्या पावसानंतर लगेच, पाणी गढूळ दिसेल त्या दिवशी. उन्हाळ्यात शांत पाण्याचा नमुना घेऊन ‘काही नाही’ असा रिपोर्ट मिळवणं सोपं असतं. दोन परवडत असतील तर दुसरा कोरड्या दिवसांतला: पावसात सापडलं आणि कोरड्यात नाही, तर काठाची वाट दोषी, दोन्हीत सारखंच सापडलं, तर ते खालच्या पाण्यातच मुरलंय आणि काम लांबचं आहे.

रिपोर्टात ‘बीडीएल’ (मोजता येण्याच्या मर्यादेखाली) किंवा ‘आढळले नाही’ असं असेल तर शेजारचा आकडा बघा. प्रयोगशाळेला पाच मायक्रोग्रॅमच्या खालचं दिसतच नसेल तर तिनं ‘आढळले नाही’ म्हणण्यात काही अर्थ नाही. बाटली मागायला फोन कराल तेव्हाच विचारा: आयएसओ १७०२५ ची (प्रयोगशाळांच्या दर्जाच्या मानकाची) मान्यता आहे का, ती कीटकनाशकांसाठीही आहे का, आणि किती कमी मोजता येतं?

आकडा सापडला तरी घाबरू नका. अ‍ॅट्राझिनचीच गंमत बघा. युरोपची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम, भारतीय मानकात २, अमेरिकेत ३, आणि जागतिक आरोग्य संघटनेची १००. तेच पाणी एकीकडे नापास, दुसरीकडे पास. यात कुणी खोटं बोलत नाही. कीटकनाशक पाण्यात असूच नये असं युरोपनं ठरवलं आणि तेव्हा जेमतेम मोजता येईल इतका बारीक आकडा १९८० मध्ये सगळ्यांना सरसकट लावला. संघटनेनं त्या एका पदार्थाच्या विषारीपणाचं गणित मांडलं. म्हणून ०.४ सापडलं तर मी त्याचा अर्थ ‘वाट उघडी आहे, बुजवा’ असा घेईन, ‘आज पेला हातातून फेका’ असा नाही. पन्नास सापडलं तर मात्र फेका, संघटनेची मर्यादा शंभर असली तरी आपल्या मानकाच्या ते फार वर आहे. डिल्ड्रिनसारख्या जुन्या, चिवट औषधाची तर संघटनेची मर्यादाही ०.०३ आहे, तिथं ही सवलत नाही.

फिल्टरचं मुद्दाम शेवटी घेतलं, कारण मुलाला ते पहिलं हवंय. यूव्ही दिवा जंतूंसाठी, कीटकनाशकांना त्याचा काही उपयोग नाही. क्लोरीनही नाही; क्लोरपायरिफॉसचं तर क्लोरीननं जास्त विषारी रूप होतं. कामाला येतो तो सक्रिय कोळसा आणि त्याच्या जोडीला आरओ. नायट्रेटला साधा कोळसा चालत नाही, तिथं आरओच लागतो. पण कोळसा भरत जातो आणि भरला की औषध तसंच पुढं जायला लागतं. चव, वास, टीडीएस, कशातच फरक दिसत नाही. काय आणि किती काढायचंय हे माहीत नसताना फिल्टर घेतला तर कांडी कधी बदलायची हे तुम्हाला विक्रेता सांगणार, पाणी नाही. आधी रिपोर्ट, मग त्यातल्या पदार्थाचं नाव ज्याच्या प्रमाणपत्रावर आहे तोच फिल्टर, आणि बसवल्यावर त्याच्या पुढच्या पाण्याचा एक नमुना.

विहिरीची डागडुजी मात्र रिपोर्टाची वाट न बघता करा. वरचे तीन-चार मीटर बांधकाम सिमेंटनं बंद करायचं, कठडा उंच, ओट्याला बाहेर उतार, वर झाकण, पाणी वाहून न्यायला चर. त्यानंतर विहिरीत क्लोरीन टाकून उपसा करायचा.

राहिले दीर. तुम्ही मनात वाक्य जुळवताय ते बहुधा ‘तुमच्या फवारणीमुळे’ असं सुरू होतं. तिथंच बोलणं संपेल. वॉकरटनचा शेतकरी आठवा. तुमचे दीरही बहुधा काही वावगं करत नाहीत, सगळे करतात तेच करतात. त्यांच्याकडे दोन गोष्टी मागा. औषधांच्या लेबलांचे फोटो, ‘बाळासाठी पाणी तपासायचंय, प्रयोगशाळेला नावं लागतात’ म्हणून. हे खरंही आहे. आणि पंप भरायची जागा बदलणं. नुसतं ‘इथं भरू नका’ म्हणण्यापेक्षा मोटरला उलट पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवून विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला एक नळ काढून द्या. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वरच राहील अशी बांधून टाका, बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता म्हणावं. दोन चमच्यांचं गणित त्यांच्यासमोर कागदावर मांडा. स्वतः औषध मोजून घालणाऱ्या माणसाला ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं.

नळ काढायच्या कामाला यजमानांना आणि दिरांना दोघांना मिळूनच लावा, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही सूनबाईंना घेऊन बाळाच्या पाण्याची सोय बघा. ते आजच करायचं आहे.